गोठवलेला भ्रूण ‘शिळा’ नसतो

सिन्नर-निफाडहून नाशिकला आयव्हीएफसाठी (लॅबमध्ये बीज फळवून तयार झालेला भ्रूण गर्भाशयात सोडण्याच्या उपचारासाठी) येणाऱ्या जोडप्यांना घरून हमखास एक सल्ला मिळतो: “फ्रीजमधलं शिळं नको, ताजे दोन-तीन एकदम सोडायला सांगा. जुळं झालं तर एका खर्चात दोन लेकरं!” कळकळीनं दिलेला, पण चुकीचा सल्ला.

भ्रूण उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात. त्या थंडीत पेशींचं काम जवळपास थांबतं, म्हणून तो ‘जुना’ होत नाही. आताच्या अतिजलद पद्धतीत पेशीत बर्फाचे स्फटिक बनत नाहीत, त्यामुळे चांगल्या लॅबमध्ये बहुतेक भ्रूण सुखरूप परततात. यशाची शक्यता पाहताना बाईचं वय मोजलं जातं ते बीजं काढली तेव्हाचं.

आता जुळ्यांचं. निम्म्याहून अधिक जुळी 37 आठवड्यांआधीच जन्मतात. काचेच्या पेटीतले दिवस, आईचा वाढलेला रक्तदाब हे त्या ‘एका खर्चात’ कुणी धरत नाही. स्वीडनच्या संशोधकांचा 2004 चा अभ्यास पाहा. 36 वर्षांखालच्या बायकांत दोन भ्रूण एकदम सोडल्यावर 42.9 टक्क्यांना मूल झालं. एकच सोडून, गरज पडल्यास दुसरा गोठवलेला दिला, तेव्हा 38.8 टक्क्यांना. प्रसूतींमध्ये जुळी-तिळी मात्र 33.1 टक्क्यांवरून 0.8 वर आली! मला हा सौदा आईच्या बाजूचा वाटतो.

वय जास्त असेल, भ्रूण कमकुवत असतील तर डॉक्टर वेगळं ठरवतील, तेही रास्तच. आणि घाई नको: 2021 च्या कायद्यानं भ्रूण 10 वर्षांपर्यंत ठेवता येतात.