रोब, सरोंग आणि आपली चीट: या कपड्यांची मागची गोष्ट

मागच्या दिवाळीत एका प्रदर्शनातून मी कॉटनचा रोब घेतला. गुडघ्याखाली येणारा, कमरेला नाडी, पांढऱ्यावर लाल बुट्ट्या. विकणारा म्हणाला हँडब्लॉक आहे ताई, नैसर्गिक रंग आहे, बिनधास्त धुवा. मी बिनधास्त धुतला आणि बादलीत सोबत असलेले नवऱ्याचे तिन्ही बनियन गुलाबी झाले. त्या चिडचिडीत वाचायला बसले की हा लाल रंग नेमका टिकतो कशाने, आणि वाचता वाचता कळलं की रोब आणि बनियन हे तर एकमेकांचे नातेवाईकच आहेत.

म्हणजे बघा, गुजरातच्या वाणी व्यापाऱ्यांना इंग्रज लोक ‘बनियन’ म्हणायचे, आणि सतराव्या-अठराव्या शतकात पूर्वेकडून आलेल्या सैल, पुढून उघड्या, लांब बाह्यांच्या झग्याला पण त्यांनी तेच नाव ठेवलं. लंडनचा श्रीमंत पुरुष घरी आला की डोक्यावरचा विग काढायचा, कोट काढायचा आणि हा बनियन अंगावर चढवून बसायचा. पुढे नाव घसरत घसरत आतल्या गंजीफ्रॉकवर आलं आणि आपल्याकडे तिथेच राहिलं. सॅम्युअल पेप्स नावाचा एक इंग्रज सरकारी अधिकारी रोजनिशी लिहायचा, त्यात १ जुलै १६६१ ला ‘इंडियन गाऊन’ ३४ शिलिंगला घेतल्याची नोंद आहे. १६६६ मध्ये स्वतःचं चित्र काढून घ्यायला बसला तेव्हा तर त्याने असा गाऊन चक्क भाड्याने आणला. लग्नाला शेरवानी भाड्याने आणतात ना, तसंच.

डच लोकांकडे हाच झगा जपानच्या वाटेने गेला. त्यांच्या ईस्ट इंडिया कंपनीचे लोक जपानच्या शोगुनला, म्हणजे तिथल्या लष्करी सत्ताधीशाला, भेटायला जायचे तेव्हा त्यांना रेशमी, कापूस भरलेले किमोनो भेट मिळायचे, पण ते मोजकेच असायचे आणि हॉलंडमध्ये मागणी भरपूर. मग तसेच झगे आपल्या कोरोमंडल किनाऱ्यावर, म्हणजे आजच्या आंध्र-तमिळनाडूच्या बाजूला, रंगवलेल्या सुती कापडाचे तयार व्हायला लागले. त्यामुळे आज इन्स्टावर ‘ब्लॉकप्रिंट किमोनो’ बघून कोणी नाक मुरडलं की हे काय नवीन खूळ, तर हे खूळ साडेतीनशे वर्षांचं आहे.

मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. रोब काय किंवा सरोंग काय, शिंप्याला त्यात फार काम नाही. रोब म्हणजे जवळजवळ सरळ पट्ट्या जोडलेल्या, सरोंग म्हणजे इंडोनेशिया-मलेशियाकडे कमरेला गुंडाळतात ते एक कापड, फार तर दोन टोकं शिवून केलेली नळी (मलय भाषेत सरोंग म्हणजे म्यानच). अंगाला फिट बसवायची भानगड नाही, कापाकापी नाही. म्हणून सगळा जीव कापडात, नक्षीत आणि रंगात. आणि धुतल्यावर न जाणारा पक्का लाल रंग सुती कापडावर चढवण्यात त्या काळी भारतीय रंगाऱ्यांचा हात धरणारं जवळपास कोणी नव्हतं.

ही कला किती जुनी तर इजिप्तमध्ये कैरोजवळ फुस्तात म्हणून जुनं शहर होतं तिथे गुजरातच्या छापील सुती कापडाचे तुकडे सापडलेत, त्यातले काही हजार वर्षांहून जुने. आणि तशाच नक्षीची गुजराती कापडं पार दुसऱ्या टोकाला इंडोनेशियात सुलावेसी बेटावरच्या तोराजा लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या घरात जपून ठेवलेली मिळाली, त्यांच्याकडे ती पूजेची, समारंभाची वस्तू. इकडे नाईलचा काठ, तिकडे सुलावेसीचे डोंगर, आणि मध्ये कुठेतरी एक छिपा, म्हणजे कापड छापणारा कारागीर, बसून ठसे मारतोय.

ठसे मारणं हे दिसतं तेवढंच काम नाही. मी आधी समजत होते की लाल रंगात ठसा बुडवायचा आणि उमटवायचा. नाही. कापड आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवतात, ते पिवळट होतं. मग लोखंडाचा गंज आणि गूळ बरेच दिवस आंबवून केलेलं पाणी चिंचोक्याच्या खळीत मिसळून त्याने ठसा मारला की हिरड्याशी गाठ पडून तिथे काळं उमटतं. लाल हवं तिथे मात्र फक्त तुरटीची खळ लावतात, रंग नाहीच, जरासा कावेचा हात दिलेला असतो तो कारागिराला कुठे छापलं ते दिसावं म्हणून. आणि मग ते सगळं कापड मंजिष्ठाच्या किंवा आल नावाच्या झाडाच्या मुळीच्या पाण्यात उकळतात, सोबत धायटीची फुलं, डाग पडू नयेत म्हणून. तुरटी जिथे आहे तिथेच लाल धरतं, बाकीचं धुऊन निघून जातं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या गुलाबी बनियनचं कोडं सुटलं: माझ्या रोबवर रंग बहुतेक नुसता वरून थापला होता, तुरटीशी त्याची ओळखच झालेली नव्हती.

युरोपात अशा पक्क्या रंगाच्या सुती कापडाला ‘चिंट्झ’ म्हणायला लागले, तो शब्द आपल्या छींटवरूनच गेलाय. आमची आजी ‘चिटाचं परकर-पोलकं’ म्हणायची ती हीच चीट. आणि ती तिकडे एवढी खपली की तिथल्या लोकर-रेशीमवाल्यांचा धंदा बसायला लागला. फ्रान्सने १६८६ मध्ये छापील सुती कापडावर बंदीच आणली, ती १७५९ पर्यंत चालली. इंग्लंडने १७०१ पासून आयात अडवली, १७१९ मध्ये लंडनचे विणकर रस्त्यावर बायकांच्या अंगावरचे चिटाचे कपडे फाडायला लागले, मग १७२१ मध्ये वापरावर पण बंदी, ती उठली १७७४ ला. तोपर्यंत त्यांनी स्वतः छापायला शिकून घेतलं होतं. १७४२ मध्ये पाँडिचेरीकडच्या कर्दू नावाच्या एका जेझुइट पाद्र्याने इथल्या रंगाऱ्यांकडून सगळी रीत विचारून घेऊन फ्रान्सला पत्रात लिहून पाठवली होती. हिरडा, म्हशीचं दूध, तुरटी, सगळं. आजच्या भाषेत रेसिपी लीक.

आता सरोंग. जावा-सुमात्राकडे मिरी, लवंग, जायफळ घ्यायचं तर तिथले लोक बदल्यात भारतीय कापड मागायचे, त्यामुळे कोरोमंडलचे रंगारी त्यांच्या आवडीप्रमाणे माल करून द्यायचे, टोकाला त्रिकोणांची रांग असलेला. त्या त्रिकोणांना तिकडे तुंपाल म्हणतात. गुजरातमधल्या पाटणचं रेशमी कापड, पटोला, तर राजवाड्यातली चीज, जावाच्या दरबारात तो घालणं मानाचं होतं. पण अठराव्या शतकात डच कंपनीचा कापडाचा व्यापार ढासळला, भारतीय माल महाग आणि दुर्मिळ झाला, आणि जावाच्या बायकांचं बाटिक जोरात आलं. चांटिंग म्हणजे तांब्याची इवलीशी वाटी आणि तिला नळी, त्यातून गरम मेण सोडत कापडावर रेघ काढायची, मग रंगात बुडवायचं, मेण काढायचं, परत. बारीक कामाच्या एका सरोंगला महिने लागतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तांब्याचे ठसे आले तेव्हा काम झपाट्याने व्हायला लागलं. जावातल्या पेकालोंगान शहराच्या ‘जलाम्प्रांग’ नक्षीत पटोला सरळ ओळखू येतो, म्हणून काही लोक म्हणतात बाटिक म्हणजे आपलीच कॉपी, पण मला ते पटत नाही. नक्षी गेली असेल इथून, पण ती मेणाची रेघ त्यांची आहे. २००९ मध्ये २ ऑक्टोबरला युनेस्कोने बाटिकला मान्यता दिली, तेव्हापासून त्यांच्याकडे त्या दिवशी बाटिक दिन असतो.

चौकडीची सरोंग म्हणजे जी आपल्याला साधी लुंगी वाटते, तिला मलेशियात ‘पेलिकात’ म्हणतात, चेन्नईच्या वरच्या पुलिकत बंदरावरून. नावं बंदरांची, माल विणकरांचा, नफा तिसऱ्याचाच.

मराठी माणसाला यात एक धागा आहे तो फार कोणाला माहीत नसतो. जयपूरजवळ सांगानेर आणि बगरूला छपाई करणारे छिपा स्वतःला नामदेव छिपा म्हणवतात, आपल्या संत नामदेवांना मानतात. आपण नामदेवांना शिंपी म्हणून ओळखतो, पण गुरु ग्रंथ साहिबमधल्या त्यांच्या पदांत ते स्वतःला छिपा म्हणवतात. आणि आपल्याकडची रंगारी, भावसार ही आडनावं पण याच धंद्याची. बगरूत ‘दाबू’ करतात, माती-चुना-डिंकाचा चिखल ठशाने छापायचा, ओला असताना वर लाकडाचा भुसा भुरभुरायचा, वाळला की नीळीच्या हौदात बुडवायचा, चिखल होता तिथे पांढरं राहतं. १८६८ मध्ये जर्मनीत मंजिष्ठाचा लाल कृत्रिम बनला आणि १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली, तेव्हा या रंगाच्या झाडांची शेती आणि हे ज्ञान दोन्ही धडाधड कोसळलं. त्यातून जे वाचलं ते बरंचसं गावातल्या गिऱ्हाईकामुळे, घागरा, फडकी, फेटा घेणाऱ्या लोकांमुळे. परदेशी गिऱ्हाईक १९७० च्या आसपास परत वळलं, तेव्हा जयपूरहून रजया आणि रोब जायला लागले.

कच्छचं ठशांनी छापलेलं कापड, अजरख, पण मुळात सरोंगच, गुरं राखणारे मालधारी पुरुष लुंगी म्हणून नेसतात, खांद्यावर टाकतात, डोक्याला गुंडाळतात. धमडका गावात खत्री कारागिरांचं हे काम. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात गाव पडलं ते पडलंच, वर विहिरींच्या पाण्यात लोखंड वाढलं, आणि लोखंड म्हणजे काळा रंग, सगळा लाल मळकट व्हायला लागला. मग बऱ्याच जणांनी भुजजवळ चांगलं पाणी बघून नवीन गाव वसवलं, नाव अजरखपूर. पाण्यासाठी लोक गाव बदलतात हे आपल्याला माहीत आहे, पण लाल रंग लाल दिसावा म्हणून बदलतात हे मला नवीन होतं.

रोब अजून वापरते मी. वेगळा धुते, पाणी अजून गुलाबी निघतं. बनियन आता पोछ्याला गेलेत.