नोबिताच्या कॅलेंडरात जून रिकामा का?

डोरेमॉन या जपानी कार्टूनच्या एका गोष्टीत नोबिता हा शाळकरी मुलगा कॅलेंडर बघून हिरमुसतो. जून महिन्यात रविवार सोडले तर एकही लाल तारीख नाही. मग भविष्यातून आलेल्या यंत्रमांजराच्या, म्हणजे डोरेमॉनच्या, खिशातून असं कॅलेंडर निघतं की त्यावर खूण केली की देशभर सुट्टी. नोबिता २ जून निवडतो आणि त्या दिवसाला नाव देतो ‘आळस कृतज्ञता दिन’. कोणीच काम करायचं नाही म्हटल्यावर पुढे काय अडचण होते ते वेगळं सांगायला नको.

यातला अर्धा विनोद आपल्याकडे पोचतच नाही. जपानमध्ये २३ नोव्हेंबरला खरोखरच ‘श्रम कृतज्ञता दिन’ असतो, त्याचं हे विडंबन. हा दिवसही मुळात श्रमिकांचा नव्हे. दुसऱ्या महायुद्धापूर्वी त्या तारखेला सम्राट देवांना नवं धान्य अर्पण करायचा विधी व्हायचा, म्हणजे आपल्या भाषेत नवान्न. युद्ध हरल्यावर जुलै १९४८ मध्ये सुट्ट्यांचा नवा कायदा झाला. राजघराणं आणि शिंतो या तिथल्या धर्माचे विधी यांच्याशी जोडलेली नावं गेली, तारखा मात्र बऱ्याच जागच्या जागी राहिल्या. मेइजी सम्राटाचा वाढदिवस, ३ नोव्हेंबर, ‘संस्कृती दिन’ झाला. ५ मे हा पूर्वी मुलग्यांचा सण, तो सगळ्या बालकांचा दिवस झाला. पण कार्प माशाच्या आकाराच्या कापडी पताका आजही त्याच दिवसासाठी घरांवर फडकतात. जूनच्या वाट्याला तेव्हा काही आलं नाही. आज सुट्ट्या १६ झाल्यात, २०१६ पासून ऑगस्टमध्ये डोंगरांच्या नावानेही एक आहे, जून तसाच कोरडा.

पण या मालिकेत सणवार एवढे का, याचं खरं कारण कायद्यात नाही, छापखान्यात आहे. फुजिको एफ. फुजिओ यांनी डोरेमॉन सुरू केला तो शोगाकुकान प्रकाशनाच्या मुलांच्या मासिकांत. ही मासिकं इयत्तावार निघत: पहिलीचं वेगळं, चौथीचं वेगळं, बालवाडीचंही वेगळं. जानेवारी १९७० चे अंक डिसेंबर १९६९ मध्येच बाजारात आले आणि सहा मासिकांत सहा वेगवेगळ्या गोष्टींनी सुरुवात झाली. दिवाळी अंक हातात घेऊन सणाची वाट बघणाऱ्यांना हे गणित समजावायला नको. जानेवारीचा अंक म्हणजे नववर्षाची गोष्ट हवीच. म्हणून चौथीच्या मासिकातली पहिली गोष्ट नववर्षाच्या दिवशी घडते. टेबलाच्या खणातून बाहेर आलेला डोरेमॉन तांदळाचे मोची फस्त करतो. मैत्रीण शिझुकाबरोबर बॅट-फुलाचा हानेत्सुकी खेळ चालतो, फूल छतावर जातं आणि नोबिता ते काढायला चढतो. भविष्यातून आलेला नोबिताचा खापरपणतू सेवाशी तर कुरकुरतो की तुझ्या कर्जापायी मला यंदा नववर्षाची ओवाळणी फक्त ५० येन मिळाली! (ओवाळणी हा शब्द माझा. तिथे म्हणतात ओतोशिदामा, आणि पैसे पाकिटात घालून देतात.)

एप्रिल १९७९ मध्ये टीव्ही आसाहीवर मालिका सुरू झाली तेव्हा हे ऋतुचक्र गोष्टींबरोबर आयतंच आलं. फेब्रुवारीत सेत्सुबुन, भाजलेले सोयाबीन फेकून ‘राक्षस बाहेर, भाग्य आत’. मार्चमध्ये बाहुल्यांचा सण. ७ जुलैला तानाबाता, बांबूच्या फांदीवर इच्छा लिहिलेल्या चिठ्ठ्या. वर्षातून एकदाच भेटणाऱ्या दोन ताऱ्यांची ती कथा. तारे म्हणजे आपले अभिजित आणि श्रवण. जुन्या चांद्र पंचांगात तिथी सातव्या महिन्याची सप्तमी, साधारण आपली श्रावण शुद्ध सप्तमी. १ जानेवारी १८७३ पासून जपानने इंग्रजी कॅलेंडर घेतलं आणि बहुतेक ठिकाणी सण ७ जुलैला चिकटला, तिथल्या ऐन पावसाळ्यात. ढगांमुळे तारे भेटतच नाहीत. सेंदाईसारख्या शहरांनी शहाणपणा करून तो ऑगस्टमध्ये ठेवला. (आपल्याकडे श्रावणात तारे दिसण्याची बोंबच, ते सोडा.)

आपल्या मुलांना सगळ्यात कोड्यात टाकतो तो उन्हाळ्याचा गृहपाठ. परीक्षा झाली, निकाल लागला, मग सुट्टीत अभ्यास कसला? तर जपानी शाळेचं वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि उन्हाळी सुट्टी जुलैच्या विसाव्या तारखेच्या आसपास मध्येच येते. वर्ग तोच, बाई-गुरुजी तेच, त्यामुळे गृहपाठही असतो आणि सुट्टी संपतानाची नोबिताची ३१ ऑगस्टची रात्रही. वर्ष संपतं मार्चमध्ये, आणि नवं सुरू होण्याआधी छोटी सुट्टी असते. १९८० पासून डोरेमॉनचा चित्रपट बहुतेक वर्षी मार्चमध्येच येतो, तो या छोट्या सुट्टीसाठी.

हिंदीतून आपल्याकडे येताना हा क्रम विस्कटला. भाग मागेपुढे, पुन्हापुन्हा लागतात. बाहेर मे महिना तापलेला आणि पडद्यावर नोबिता बर्फाचा माणूस करतोय.