जॉयस्टिकच्या पोटातला पत्र्याचा बेडूक

जत्रेत पत्र्याचा बेडूक मिळायचा. पोटाखालची पट्टी अंगठ्याने दाबली की ‘टक’, सोडली की पुन्हा ‘टक’. 1978 पासून अटारी या अमेरिकन कंपनीच्या घरगुती कन्सोलबरोबर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमच्या यंत्राबरोबर, येऊ लागलेली सीएक्स-40 ही काळी जॉयस्टिक तळाचे चार स्क्रू काढून उघडा, आत असेच पाच बेडूक बसलेले दिसतील. फुगीर पत्र्याच्या लहान टिकल्या, पारदर्शक चिकटपट्टीखाली दडलेल्या. चार दिशांच्या चार आणि गोळी झाडायच्या तांबड्या बटणाची पाचवी. बाकी एक सर्किट बोर्ड, सहा तारा, आणि दांड्याचा जोर टिकल्यांपर्यंत नेणारी एक प्लॅस्टिकची चकती. एवढ्यावर लाखो मुलांच्या सुट्ट्या निघाल्या.

फुगीर पत्र्याची एक खोड असते. दाब वाढवत गेलो तर तो आधी अडून बसतो आणि एका क्षणी एकदम आत कोसळतो. त्या कोसळण्यात बोटावरचा विरोध अचानक कमी होतो, म्हणून ‘लागली’ हे बोटाला कळते. त्याच क्षणी टिकली खालच्या तांब्याला टेकते आणि त्या दिशेची तार शून्य व्होल्टला जोडली जाते. कन्सोलच्या आत ती तार एरवी 5 व्होल्टच्या आसपास धरून ठेवलेली असते. ती खाली आली की दिशा दाबली गेली, असा हिशेब. अटारी 2600 या त्याच कन्सोलमध्ये दिशांच्या या तारा वाचणारी 6532 नावाची चिपच खेळाची सगळी स्मृतीही सांभाळते. ती स्मृती किती, तर 128 बाइट. हा लेखसुद्धा तिच्यात मावणार नाही.

जुन्या कन्सोलची आवड असलेले लोक ‘कुठली जॉयस्टिक भारी’ यावर तासन्‌तास भांडतात. ब्रँडवर भांडणे मला व्यर्थ वाटते. हाताला जे आवडते ते आतल्या संपर्काच्या, म्हणजे एकमेकांना टेकून तार जोडणाऱ्या धातूच्या भागांच्या, जातीमुळे, आणि पुढे वीस वर्षांनी काय बिघडणार तेही त्याच जातीवर ठरते. जॉयस्टिक निवडलीत की तिचा आजारही निवडलात.

टिकलीवाली सीएक्स-40 स्वस्त आणि साधी. तिची टिकली सहसा टिकते. मोडते ती दांड्याखालची चकती. तिचे पातळ कान तडकतात आणि मग डावीकडे कितीही रेटा, पडद्यावरचा गडी हलत नाही. हा सुटा भाग आजही नवा बनवून विकला जातो.

दुसरी जात लवचीक पट्ट्यांची. अमेरिकेतल्या विको कंपनीच्या बॅटच्या मुठीसारख्या दांड्याच्या जॉयस्टिकमध्ये धातूच्या दोन पट्ट्या समोरासमोर असतात, दांडा एकीला दुसरीवर टेकवतो. इथे ‘टक’ नाही. हालचाल मऊ, हाताला थकवा कमी, आणि पट्ट्या एकमेकींवर किंचित घासत असल्याने त्या स्वतःच थोड्याफार साफ होत राहतात. भूलभुलैयाच्या खेळांना, जिथे कोपरा येण्याआधीच दिशा दाबून ठेवावी लागते, मला हीच आवडते. पट्टी वाकली तर चिमट्याने हलके परत वाकवायची, की झाले. सनकॉम कंपनीची टॅक-2 ही जॉयस्टिक त्याहून साधी: धातूचा दांडा स्वतःच धातूच्या खांबांना जाऊन टेकतो. स्विच म्हणावा असा भागच नाही.

तिसरी जात मायक्रोस्विचची. ब्रिटनमध्ये गाजलेल्या ‘कॉम्पिटिशन प्रो’ या जॉयस्टिकमध्ये आधी पट्ट्या होत्या, पुढे मायक्रोस्विच आले. मायक्रोवेव्हच्या दारात जो कडक ‘टक’ होतो तो याच कुळातला. आत ताणलेली स्प्रिंग असते. ठरावीक बिंदूपर्यंत ती ताकद साठवते आणि मग संपर्क झटक्यात पलीकडे फेकते. बोट सावकाश दाबो की जोरात, संपर्काचा वेग तोच. गंमत अशी की ‘चालू’ होण्याचा बिंदू आणि ‘बंद’ होण्याचा बिंदू वेगळे असतात. मधल्या अंतरामुळे हात थरथरला तरी दिशा लागली-सुटली होत नाही. तोटाही तिथलाच: दिशा उलटवायला दांडा थोडा जास्त मागे आणावा लागतो. उड्या मारायच्या खेळात हे चालते, नेम धरायच्या खेळात मला खटकते.

कुठलाही धातू धातूवर आदळला की काही मिलिसेकंद तो टप्पे खातो, म्हणजे एका दाबात अनेक ‘चालू-बंद’. अटारीचे खेळ साधारणपणे टीव्हीच्या एका चित्राला एकदाच जॉयस्टिक वाचतात. 60 हर्ट्झच्या टीव्हीवर हे अंतर सुमारे 16.7 मिलिसेकंदांचे, त्यामुळे बहुतेक टप्पे दोन वाचनांच्या मध्येच विरून जातात.

दुरुस्ती करताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. या तारांतून वीज फारच थोडी वाहते, मिलिअँपिअरभर किंवा त्याहून कमी. घरातल्या दिव्याच्या बटणात ठिणगी उडते आणि संपर्कावरचा मळ जळून जातो. इथे तसे काही होत नाही, म्हणून ऑक्साइडचा किंवा चांदीवरचा काळा सल्फाइडचा अदृश्य म्हणावा इतका पातळ थरही दिशा मारून टाकतो. त्यामुळे पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मायक्रोस्विच घ्यायला गेलात तर ‘250 व्होल्ट, 16 अँपिअर’ वाचून खूश होऊ नका. तो मोटारी चालवायला बरा. जॉयस्टिकला कमी विजेचा, शक्य तर सोन्याचा मुलामा असलेला स्विच हवा.

उघडण्याआधी मल्टिमीटर, म्हणजे तार जोडली आहे का ते ‘बीप’ करून सांगणारे मापक, लावा. प्लगच्या पिनांमध्ये 1 ते 4 या दिशा, 6 म्हणजे बटण, 8 म्हणजे शून्य. दिशा दाबून 8 आणि त्या पिनमध्ये ‘बीप’ येतो का पाहा. येत नसेल तर वायर हलवत पुन्हा पाहा. निम्म्या वेळा दोष संपर्कात नसतो, वायर जिथे डबीतून बाहेर पडते तिथे आत तुटलेली असते. तार काढण्याआधी मोबाइलवर एक फोटो काढून ठेवावा, रंगांचा गोंधळ नंतर फार छळतो. साफ करायला कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल. पॉलिश पेपर नको, मुलामा निघून जातो. शिलाई मशीनचे तेल तर मुळीच नको. ते संपर्कांवर पसरते आणि धूळ धरून बसते.

दिशा फक्त ‘आहे-नाही’ नव्हे, किती आहे हेही सांगणाऱ्या जॉयस्टिकची कथा वेगळी. 1982 च्या अटारी 5200 मध्ये रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखे पोटेन्शिओमीटर होते, आणि दांडा सोडला तर मधे परत येत नसे. एवढ्या हुशार कल्पनेचा इतका विचका क्वचित झाला असेल. त्याच वर्षीच्या व्हेक्ट्रेक्स या कन्सोलचा दांडा मात्र आपसूक मधे यायचा. 1996 च्या निन्टेन्डो 64 मध्ये प्रकाशाने मोजणाऱ्या चकत्या आल्या, त्या झिजत नाहीत. झिजते ती दांड्याखालची प्लॅस्टिकची वाटी. उघडली की पांढरी पूड निघते. 1998 च्या सेगा ड्रीमकास्टने चुंबक आणि चुंबकाची जवळीक विजेतल्या बदलावरून ओळखणारे हॉल सेन्सर वापरले. एडविन हॉल यांना 1879 मध्ये दिसलेला परिणाम, मोजताना घासायला काहीच नाही.

आता एक इशारा खास आपल्यासाठी. नव्वदच्या दशकात आपल्याकडे अनेक घरांत जे ‘टीव्ही गेम’ आले ते निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या कन्सोलच्या नकला. त्यांतल्या काहींच्या जॉयस्टिकला अटारीसारखाच 9 पिनांचा प्लग असे. दिसायला जुळा भाऊ, पण आत एक चिप असते आणि ती आठही बटणांची खबर एकाच तारेवरून एकामागून एक पाठवते. पिना वेगळ्या, वीज वेगळ्या ठिकाणी. माळ्यावर सापडलेली अशी जॉयस्टिक अटारीला किंवा कमोडोर 64 या जुन्या घरगुती संगणकाला लावू नका.

ठेवताना वायर घट्ट गुंडाळून कन्सोलच्या अंगावर टाकायची सवय मलाही होती. वायरच्या आवरणातले प्लॅस्टिक मऊ ठेवणारे रसायन वर्षानुवर्षे बाहेर झिरपते आणि ज्या प्लॅस्टिकला टेकते त्यालाही मऊ करते. माझ्या एका कन्सोलच्या झाकणावर वायरची अख्खी वेटोळी कोरली गेली आहे. आता प्रत्येक वायर सैल वेटोळ्यात, वेगळ्या कापडी पिशवीत.