हायजिया: आकाराने चौथा, शोधात दहावा

मंगळ आणि गुरूच्या मधल्या लघुग्रह पट्ट्यात सीरीस, व्हेस्टा आणि पॅलस यांच्यानंतर नंबर लागतो तो हायजियाचा. व्यास सुमारे ४३४ किलोमीटर. तरीही तो सापडला १२ एप्रिल १८४९ रोजी, तोही दहावा. त्याच्या निम्म्यापेक्षाही लहान असलेले अ‍ॅस्ट्रिया, हिबी आणि फ्लोरा तोवर यादीत येऊन बसले होते. याचं मूळ हायजियाच्या काळपटपणात आहे.

व्हेस्टाशी हिशेब मांडून पाहा. अंगावर पडलेल्या प्रकाशापैकी व्हेस्टा सुमारे ४२ टक्के परत फेकतो, हायजिया जेमतेम ७ टक्के. इथेच तेज सहापट घटलं. शिवाय सूर्यापासूनचं सरासरी अंतर व्हेस्टाचं २.३६ खगोलीय एकक (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर), हायजियाचं ३.१४. प्रकाश सूर्याकडून तिथे जाताना विरतो आणि तिथून पृथ्वीकडे येताना पुन्हा विरतो, त्यामुळे प्रतियुतीतही, म्हणजे पृथ्वी सूर्य आणि लघुग्रह यांच्या मध्ये असतानाही, आणखी जवळपास साडेचारपट घट. आकारातल्या फरकाचे वर दीडपट. एकूण गुणाकार चाळीसच्या आसपास, म्हणजे चार प्रतींचा फरक! (प्रत हे तेजाचं माप, आकडा मोठा तितकं तेज कमी.) व्हेस्टा सहाव्या प्रतीचा, तर हायजिया सरासरी प्रतियुतीत दहाव्या. आणि फोटोग्राफी अजून या कामाला आलेली नव्हती. नकाशाशी एकेक तारा ताडायचा, पुढच्या रात्री कोणता सरकला ते बघायचं, एवढाच मार्ग होता.

त्या मार्गाने नेपल्सच्या कापोदिमोन्ते वेधशाळेत अ‍ॅनिबाले दे गास्पारिस यांनी तो हेरला. हायजिया ही ग्रीकांची आरोग्यदेवता. तिथल्या बूर्बों राजघराण्याच्या मानासाठी नावाला ‘बोर्बोनिका’ हे शेपूट जोडलं होतं, ते लवकरच गळून पडलं.

खरा आकार कळायला मात्र शतकाहून अधिक काळ गेला. पृथ्वीवरून त्याची चकती ०.३ विकलांच्या (विकला म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग) आसपास दिसते, वातावरणाच्या थरथरीत ती पुसली जाते. मग तेजावरून व्यास काढायचा, आणि घोळ होतो तो इथेच: पृष्ठभाग व्हेस्टाइतका उजळ धरला, तर व्यास १८० किलोमीटरही भरत नाही. काळा पृष्ठभाग प्रकाश शोषून तापतो आणि ती उष्णता अवरक्त किरणांतून बाहेर टाकतो. दृश्य प्रकाश आणि अवरक्त, दोन्ही मोजले तरच आकार आणि काळेपणा वेगळे करता येतात.

चिलीतल्या व्हेरी लार्ज टेलिस्कोपवरच्या ‘स्फिअर’ उपकरणाने घेतलेल्या प्रतिमांचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. हायजियाच्या कुळात, म्हणजे एकाच आघातातून निघालेल्या लघुग्रहांच्या गटात, जवळपास ७,००० तुकडे आहेत, तेव्हा आघाताचं प्रचंड विवर दिसेल अशी अपेक्षा होती. दिसला तो जवळपास गोल पिंड, आणि खात्रीने ओळखता आलेली विवरं फक्त दोन. संगणकीय प्रतिरूपांनुसार २ अब्ज वर्षांहून आधी ७५ ते १५० किलोमीटरचा पिंड आदळून मूळ लघुग्रह पूर्ण फुटला आणि तुकडे पुन्हा गोळा होऊन आजचा गोल झाला.

या गोलाईने जुनी चूकही दुरुस्त झाली. लांबुळका लघुग्रह स्वतःभोवतीच्या एका फेरीत दोनदा उजळतो, त्या गृहीतकाने हायजियाची फेरी २७.६ तासांची ठरली होती. तो एका फेरीत एकदाच उजळतो, म्हणून खरी फेरी १३.८ तासांची. बटुग्रहासाठी (प्लुटो, सीरीस यांचा वर्ग) लागणारी गोलाईची अटही तो पुरी करतो असं दिसतं, पण अधिकृत यादीत तो अजून लघुग्रहच आहे.