नव्या २२ केव्ही ब्रेकरला वीज देण्यापूर्वी: चाचण्या, कागदपत्रे आणि विद्युत निरीक्षकांची परवानगी

पुणे परिसरातील अनेक उच्चदाब ग्राहकांना महावितरणची वीज २२ केव्ही (किलोव्होल्ट) दाबाने मिळते. अशा कारखान्यात नवे व्हॅक्यूम सर्किट ब्रेकर पॅनल, म्हणजे बिघाड झाल्यास निर्वातातील काँटॅक्ट उघडून वीज तोडणाऱ्या स्वयंचलित स्विचचे कपाट, बसवले, केबल जोडली आणि खोलीला रंग दिला, तरी ते पॅनल चार्ज करण्याचा, म्हणजे त्यात वीज सोडण्याचा, अधिकार मालकाला आपोआप मिळत नाही. विद्युत अधिनियम २००३ मधील कलम ५३ खाली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने सुरक्षाविषयक विनियम केले असून २०१० च्या विनियमांची जागा आता २०२३ च्या विनियमांनी घेतली आहे. महाराष्ट्रात हे काम राज्य शासनाच्या ऊर्जा विभागाखालील मुख्य विद्युत निरीक्षकांची यंत्रणा पाहते. राज्य शासनाने अधिसूचित केलेल्या दाबापर्यंतच्या संचमांडणीसाठी मालकाला स्वयंप्रमाणनाचा मार्ग खुला आहे. त्यापुढे मात्र निरीक्षकांची तपासणी आणि लेखी परवानगी लागतेच. आपली मांडणी कोणत्या गटात येते, हे अर्ज लिहिण्याआधी आपल्या भागाच्या विद्युत निरीक्षक कार्यालयात विचारून घ्यावे.

अर्ज संचमांडणीच्या मालकाने किंवा त्याने लेखी अधिकार दिलेल्या व्यक्तीने करावयाचा असतो. प्रत्यक्ष उभारणी मात्र परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून, आणि तीही सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखालीच झालेली असली पाहिजे. ठेकेदाराच्या परवान्याची मुदत काम चालू असताना संपली, तर पूर्णत्व अहवालावरील त्याच्या सहीला अर्थ उरत नाही, त्यामुळे काम देतानाच परवान्यावरील तारीख पाहावी.

पहिला टप्पा आराखड्याचा आहे. एकरेषीय आकृती, पॅनल खोलीचा मापांसह नकाशा आणि अर्थिंगचा आराखडा उभारणीआधी दाखवून घेतल्यास पुढची तोडफोड टळते. पॅनलसमोर किमान एक मीटर मोकळी जागा हवी, हे बहुतेकांना ठाऊक असते. मागच्या बाजूचा नियम मात्र हमखास विसरला जातो: मागे उघडे जोड किंवा जोडण्या असतील, तर तेथील जागा २० सेंटिमीटरहून कमी किंवा ७५ सेंटिमीटरहून अधिक असावी, म्हणजे माणूस शिरू तरी नये किंवा शिरला तर त्याला नीट उभे राहता यावे. धातूच्या प्रत्येक सांगाड्याला अर्थिंगचे दोन स्वतंत्र जोड लागतात.

दुसरा टप्पा जागेवरील चाचण्यांचा, आणि अर्जाचा खरा गाभा तोच. उत्पादकाचे चाचणी प्रमाणपत्र जोडले की काम झाले, असा समज सर्रास आढळतो. ते प्रमाणपत्र कारखान्याच्या दारापर्यंतचे असते. ट्रकमधून, क्रेनवरून आणि दोन कामगारांच्या पहारीवरून खोलीत आलेल्या ब्रेकरबद्दल ते काहीच सांगत नाही.

चाचणीपूर्वी ब्रेकर उघड्या स्थितीत, त्याची ट्रॉली (ब्रेकर बसवलेला सरकता गाडा) बाहेर आणि आयसोलेटर (पुरवठ्यापासून वेगळे करणारा स्विच) उघडून कुलूपबंद असावा. त्यानंतर दाबदर्शकाने वीज नसल्याची खात्री करावी आणि मगच तिन्ही फेज अर्थ कराव्यात. खोलीत कोणतीही जिवंत केबल येत असेल, तर लेखी परमिटशिवाय (काम करण्याच्या परवान्याशिवाय) हात लावू नये. एक धोका वीज नसतानाही शिल्लक राहतो: ब्रेकर चालवणाऱ्या यंत्रणेतील चार्ज झालेली, म्हणजे ताणून ठेवलेली, स्प्रिंग. नियंत्रण पुरवठा बंद करून ब्रेकर बंद-उघड करावा आणि स्प्रिंग सैल झाल्याचे दर्शकावर पाहावे, तोवर आत बोट घालू नये.

त्यानंतर पाच हजार व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने) फेज ते फेज, फेज ते अर्थ आणि उघड्या काँटॅक्टमधील इन्सुलेशन मोजतात. काँटॅक्टचा रोध मायक्रो-ओहममध्ये, साधारण १०० अँपिअर डीसी सोडून मोजला जातो आणि कारखान्यातील आकड्याशी ताडून पाहिला जातो. एकाच फेजचा आकडा वेगळा पडला तर बहुधा जोड सैल असतो. वेळमापनात तिन्ही पोल एकाच वेळी उघडतात का हे पाहतात. आंतरराष्ट्रीय मानकानुसार उघडताना पोलमधील फरक आवर्तनाच्या एक षष्ठांशाहून, म्हणजे ५० हर्ट्झला सुमारे ३.३ मिलिसेकंदांहून, आणि बंद होताना ५ मिलिसेकंदांहून अधिक नसावा. बॅटरी उतरली तरी ट्रिप कॉइलने (ब्रेकर उघडणाऱ्या विद्युत कॉइलने) काम केले पाहिजे, म्हणून ११० व्होल्टची कॉइल ७७ व्होल्टवर चालवून पाहावी.

२४ केव्ही श्रेणीच्या पॅनलसाठी कारखान्यात ५० केव्हीची एक मिनिटाची दाबचाचणी होते; जागेवर ती सहसा त्याच्या ८० टक्के, म्हणजे ४० केव्हीला घेतात. तेव्हा पीटी (दाब मोजण्यासाठीचे ट्रान्सफॉर्मर) सोडवलेले आणि सीटीची (प्रवाह मोजण्यासाठीच्या ट्रान्सफॉर्मरची) दुय्यम बाजू शॉर्ट करून अर्थ केलेली असावी. व्हॅक्यूम बाटलीतून (काँटॅक्ट असलेल्या निर्वात नळीतून) या दाबाला क्ष-किरण निघू शकतात, म्हणून उत्पादकाने दिलेले अंतर राखून दोरी लावावी आणि चाचणीनंतर प्रत्येक फेज अर्थ रॉडने निर्भार केल्याशिवाय लीड काढू नये. रिलेमधून (बिघाड ओळखून ब्रेकरला उघडण्याचा आदेश देणाऱ्या उपकरणातून) ट्रिप देऊन ब्रेकर खरोखर पडतो का, ही साधी तपासणी शेवटी राहून जाते, ती राहू देऊ नये.

अर्जासोबत महावितरणचे भार मंजुरीपत्र, मंजूर नकाशे, ठेकेदार व पर्यवेक्षकाच्या परवान्यांच्या प्रती, पूर्णत्व अहवाल, उत्पादकाची प्रमाणपत्रे, जागेवरील चाचणी अहवाल, अर्थिंगच्या रोधाची नोंद आणि ग्रास या शासनाच्या ऑनलाइन भरणा प्रणालीवर भरलेल्या शुल्काचे चलन जोडावे. चाचणी अहवालावर ब्रेकरचा अनुक्रमांक, चाचणीची तारीख, वापरलेल्या उपकरणांच्या कॅलिब्रेशनची मुदत आणि चाचणी घेणाऱ्याची सही असावी. अनुक्रमांक पॅनलवरील पाटीशी जुळत नाही, एवढ्याच कारणावरून फाइल परत येऊ शकते.

निरीक्षक आले की रबर मॅट, मराठीतील धोकाफलक, विजेचा धक्का बसल्यास करावयाच्या उपचारांचा तक्ता, अग्निशामक साधने आणि ब्रेकर-आयसोलेटरमधील इंटरलॉक (चुकीच्या क्रमाने चालवू न देणारी अडणी) पाहतात. काढलेल्या त्रुटींची पूर्तता लेखी कळवावी लागते. परवानगी हातात पडेपर्यंत चाचणीच्या नावाखालीही पॅनल चार्ज करू नये. पुढे पाच वर्षांहून अधिक नसलेल्या अंतराने नियतकालिक तपासणी होते. त्या वेळी तुलना करायला हे पहिले आकडेच लागतात, म्हणून मूळ अहवाल पॅनल खोलीतल्या फाइलमध्ये ठेवून त्याची एक प्रत कार्यालयातही ठेवावी.