घडीचा चाकू घेताना आधी सांधा बघा

संग्रहासाठी पहिला चाकू घ्यायला आलेले बहुतेकजण आधी मूठ पाहतात. शिंगाची आहे का, लाकूड कोणतं, पितळ किती चमकतंय. आमची विनंती एवढीच, की आधी पातं उघडा आणि ते कशाच्या आधारावर उभं राहतं ते बघा.

जपानच्या मिकी गावचा हिगोनोकामी सगळ्यांत साधा. दुमडलेल्या पत्र्याची मूठ, एक खीळ आणि पात्यामागे जिभेसारखा छोटा दांडा. स्प्रिंग नाही, कुलूप नाही. कापताना अंगठ्याने तो दांडा दाबून धरायचा.

फ्रान्सच्या लागिओलच्या पाठीत स्प्रिंग असते. मिटताना ‘टक्’ असा भरीव आवाज यायला हवा. तरी ते कुलूप नव्हे. पाठीकडून जोर पडला की पातं बोटांवर मिटतं. लागिओल हे एका कंपनीचं नाव नाही, त्यामुळे माल फार उन्नीस-बीस येतो. स्प्रिंगवरची मधमाशी भिंगाखाली आडवी धरून बघा. चांगल्या कामात ती स्प्रिंगच्याच पोलादातून घडवलेली असते, स्वस्त नगात जोडाची रेघ दिसते.

आमचा जीव मात्र ओपिनेलवर. फ्रान्सच्याच साव्हुआ भागातल्या जोसेफ ओपिनेल यांनी तो 1890 मध्ये बनवला. 1897 मध्ये 1 ते 12 अशी मापं आली. त्यातली 1 आणि 11 ही 1935 मध्ये बंद झाली. पातं अडवणारी फिरती कडी 1955 ची. सुरुवातीला ती फक्त उघडं पातं अडवायची, मिटलेलं पातं अडवणारी कडी 2000 पासून आली. म्हणजे जुना नग हाती आला, की कडी फिरवूनच त्याच्या वयाचा अंदाज बांधता येतो.

त्याची बीच लाकडाची मूठ आपल्याकडे जुलैत फुगते आणि पातं आत घट्ट बसतं. पक्कड लावू नका. कडी मोकळी करा, खाच वर धरा आणि मुठीचं मागचं टोक टेबलावर ठोका. पातं थोडं वर येतं. साव्हुआचे लोकही असंच करतात. मग चाकू दोन दिवस कोरड्या जागी उघडा ठेवा.

कार्बन पोलादाचं पातं लिंबू-कांद्याने काळवंडतं. ते घासून काढू नका, ती खराबी नव्हे. तांबडे ठिपके दिसले तर मात्र गंज समजा आणि लगेच पुसून तेलाचा हात फिरवा. पावसाळ्यात चामड्याच्या म्यानात चाकू ठेवू नका.

तिन्ही प्रकार दुकानात काउंटरवर मांडले आहेत. घ्यायचा नसला तरी उघडून-मिटवून बघा.