नाशिकमध्ये रीफ टँक: चिलरआधी पंखा

रीफ टँक म्हणजे जिवंत प्रवाळ वाढवायची खाऱ्या पाण्याची टाकी, आणि चिलर म्हणजे तिचं पाणी गार करणारं यंत्र. ‘रीफ टँक म्हणजे चिलर आलाच’ हे वाक्य ऐकून आणि चिलरची किंमत पाहून बरेच जण नाद सोडून देतात. मुंबईत हा सल्ला रास्त आहे. नाशिकला मात्र ते पैसे आधी पंखा, तापमान कंट्रोलर आणि ऑटो टॉप-ऑफ (उडालेलं पाणी आपोआप भरणारी यंत्रणा) यांवर खर्च करावेत, कारण आपला उन्हाळा कडक असला तरी कोरडा असतो.

पाण्यातले जास्त वेगाचे रेणू पृष्ठभागावरून निसटतात आणि उरलेलं पाणी गार होतं. माठ याच तत्त्वावर चालतो. २५ अंशाला १ लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,४३० किलोज्यूल उष्णता लागते. ३ फूट × दीड फूट × दीड फूट टाकीत दगड-वाळू वजा जाता साधारण १५० लिटर पाणी राहतं. त्यातलं १ लिटर उडालं आणि बाहेरून उष्णता आलीच नाही, तर तापमान जवळपास ४ अंशांनी उतरेल. पण उष्णता येतच राहते. पंप आणि लाइट मिळून ८०-९० वॅट सहज पाण्यात सोडतात. दिवसाला १ लिटर बाष्पीभवन म्हणजे सतत २८ वॅट काढून घेणं, त्यामुळे नुसता हा भार उतरवायलाच रोज ३ लिटर पाणी उडावं लागतं.

पाणी कुठवर गार होईल, हे हवेतल्या दमटपणावर ठरतं. थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला की पारा जिथे थांबतो, त्याखाली पंखा पाणी नेऊ शकत नाही. हवा ३८ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर ही मर्यादा सुमारे २१ अंश येते. ३३ अंश आणि ७० टक्क्यांना ती २८ च्या वर जाते, आणि प्रवाळाला तर २५ ते २७ हवं असतं. पाणी बराच काळ ३० च्या वर राहिलं, तर प्रवाळ आपल्या पेशींतलं शैवाल बाहेर टाकून पांढरं पडतं. नाशिकला खरी अडचण येते ती जूनच्या सुरुवातीला, हवा दमट झालेली आणि उकाडा उतरलेला नाही तेव्हा. ते काही दिवस खोलीतला एसी लावावा.

पंखा १२ व्होल्टचा चालतो. तो पृष्ठभागावर तिरका मारा करेल असा बसवा आणि टाकीवर काचेचं झाकण न ठेवता जाळी ठेवा. कंट्रोलरवर पंखा २६.५ ला सुरू करा, हीटर २५ ला. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीसाठी २०० वॅटच्या एका हीटरऐवजी १०० वॅटचे दोन घ्या. एक चालूच राहून अडकला तरी टाकी शिजत नाही.

वाफ होते ती फक्त पाण्याची, मीठ टाकीतच राहतं. ३५ क्षारतेच्या (किलोमागे ३५ ग्रॅम मीठ) १५० लिटरमधून रोज ३ लिटर उडालं आणि चार दिवस कोणी भरलं नाही, तर क्षारता ३८ होते. म्हणून ऑटो टॉप-ऑफ हवा, आणि त्यात गोडं पाणीच भरायचं. त्याच्या नळीचं तोंड टाकीतल्या आणि साठ्यातल्या, दोन्ही पाण्यांच्या पातळीपेक्षा उंच ठेवा, नाहीतर पंप थांबल्यावरही सायफन होऊन सगळा साठा टाकीत रिकामा होतो. साठ्याची बादली १०-१२ लिटरचीच ठेवा. सेन्सर अडकून १० लिटर आत गेलं तरी क्षारता ३३ च्या आसपास थांबते. ती रिफ्रॅक्टोमीटरने (क्षारता मोजायचं उपकरण) मोजा आणि रिफ्रॅक्टोमीटर ३५ च्या प्रमाणित द्रावाने जुळवून घ्या.

गंगापूर धरणाचं नळाचं पाणी थेट चालत नाही. घरच्या आरओचंही जपून, कारण त्यात चवीसाठी क्षार मिसळलेले असतात आणि ‘कॉपर’वाल्या मॉडेलमध्ये तांबं. माणसाला चालणारं एवढं तांबंही गोगलगाय, कोळंबी आणि प्रवाळ मारतं. आरओनंतर डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारी गाळणी) लावा आणि टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं माप) शून्य आल्यावरच मीठ मिसळा. लिटरला ३५ ते ३८ ग्रॅम मीठ लागतं, नेमकं प्रमाण पुड्यावर पाहा.

उरलेल्या सामानात दोन वेव्हमेकर (पाणी खेळतं ठेवणारे पंप) घ्या, मिळून ताशी ३,००० लिटरचे. स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र) टाकीच्या आकाराला साजेसा, एलईडी मऊ प्रवाळाला पुरेल एवढी. वीज गेली तर बॅटरीवर चालणारा एअर पंप जवळ असावा.

टाकी ईशान्येला ठेवली की भरभराट होते, या वास्तूच्या सल्ल्याला काहीही आधार नाही. ऊन येणाऱ्या खिडकीशी ठेवलेली टाकी तापते आणि शैवालाने भरते, मग दिशा कोणतीही असो. भरलेल्या टाकीचं वजन अडीचशे किलोच्या घरात जातं, तेव्हा स्टँड आणि फरशी आधी तपासा.

प्रवाळ घेताना कायदाही माहीत हवा. भारतीय समुद्रातले सगळे दगडी प्रवाळ आणि समुद्रपंखे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ‘रामेश्वरमचा लाइव्ह रॉक’ (समुद्रातून काढलेला, जीव असलेला दगड) म्हणून कोणी विकत असेल तर घेऊ नका. कोरडा किंवा सिरॅमिकचा दगड घ्या, अमोनियाने सायकल (अमोनिया संपवणारे जिवाणू टाकीत वाढवणं) सुरू करा, आणि अमोनिया-नायट्राइट शून्यावर यायला चार ते सहा आठवडे लागतील असं धरून चाला.